मेसविना मेस जॅकेट

सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीत अनेक जहाजांवर दोन संध्याकाळी 'फॉर्मल नाइट' असते. दिवसभर अर्ध्या चड्डीत आणि रबरी चपलांत वावरलेली माणसे सूर्य कलला की केबिनमध्ये शिरतात आणि तासाभराने काळ्या सुटात, बो-टायमध्ये, पायघोळ झग्यांत बाहेर पडतात. मधल्या मोठ्या जिन्याशी जहाजाचे फोटोग्राफर रंगीत पडदे लावून उभे असतात. तिथे रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच फोटो गॅलरीत विकायला मांडलेले असतात. फ्लोरिडा किंवा व्हर्जिनियाच्या बंदरातून सुटलेले जहाज असेल तर या रांगेत कधीकधी साठी-सत्तरीचा एखादा अमेरिकन गृहस्थ उठून दिसतो. अंगात कमरेपर्यंतच येणारे आखूड जॅकेट, बाह्यांवर सोनेरी पट्टे, छातीवर नखाएवढ्या पदकांची ओळ. तो नौदलातून किंवा पायदळातून निवृत्त झालेला असतो आणि आज त्याने आपला समारंभी गणवेश चढवलेला असतो.

त्याला पाहून काही प्रवासी पुढे होऊन हात मिळवतात, त्याच्या सेवेबद्दल आभार मानतात. काही जण नाक मुरडतात, आणि त्यांत माजी सैनिकही असतात. मला नाक मुरडणाऱ्यांची बाजू पटते, त्यांची कारणे मात्र पटत नाहीत. ते म्हणतात की हे बेकायदा आहे, हा मिरवण्याचा सोस आहे, हा गणवेशाचा अपमान आहे. यातले पहिले बहुतेक खरे नाही. दुसरे खरे असले तरी क्षम्य आहे, कारण त्या संध्याकाळी सगळे जहाजच मिरवत असते. तिसरे इतके मोघम आहे की त्याने वाद सुटत नाही, फक्त आवाज चढतो.

कायद्याचे आधी उरकून टाकू. अमेरिकेच्या संघीय कायदेसंहितेच्या दहाव्या विभागातले कलम ७७१ सांगते की सैन्यात नसलेल्याने सैन्याचा गणवेश घालू नये, आणि लगेच पुढचे ७७२ अपवादांची यादी देते. निवृत्त अधिकाऱ्याला निवृत्तीच्या वेळचा हुद्दा लावता येतो आणि त्या हुद्द्याचा गणवेशही घालता येतो. सन्मानाने सेवामुक्त झालेल्याला तीन महिन्यांच्या आत घरी पोहोचेपर्यंत तो अंगावर ठेवता येतो. नाटक-सिनेमातल्या नटालाही मुभा आहे. त्यापुढचा तपशील प्रत्येक दलाच्या नियमपुस्तकात असतो. राजकीय सभेत नको, खासगी धंद्याच्या जाहिरातीत नको, दलाची बदनामी होईल तिथे नको. अमेरिकी नौदलाचे नियम निवृत्तांना समारंभात गणवेश घालू देतात, पण प्रसंगाची प्रतिष्ठा आणि सुरुची यांना धरून. परदेशात वास्तव्य असेल तर आणखी बंधने येतात. निमंत्रणात तसे म्हटले आहे का, तिथली रीत काय आहे, हे पाहावे लागते. आता मायामीहून सुटलेल्या, बहामाचा झेंडा लावलेल्या आणि रात्री खुल्या समुद्रात असलेल्या जहाजाचे जेवणघर परदेशात मोडते की नाही, यावर दोन वकील आनंदाने आठवडा काढतील. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. अस्सल ब्रिटिश म्हणून मिरवणाऱ्या 'क्वीन मेरी २'नेसुद्धा २०११ मध्ये साउदॅम्प्टनची नोंदणी सोडून बर्म्युडातल्या हॅमिल्टनची घेतली. एक मोठे कारण असे की त्यामुळे कप्तानाला जहाजावर लग्ने लावता येऊ लागली.

गणवेशाच्या बाबतीत अमेरिकी न्यायालये किती सैल आहेत, हे आपल्याकडच्या वाचकाला चकित करणारे आहे. डिसेंबर १९६७ मध्ये ह्यूस्टन शहरात सैन्यभरती केंद्रासमोर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध एक पथनाट्य झाले. डॅनियल शाक्ट नावाच्या तरुणाने त्यात लष्करी गणवेश घालून सैनिकाचे सोंग केले. त्याला सहा महिन्यांची कैद आणि अडीचशे डॉलर दंड झाला. नटाला असलेली मुभा तेव्हा एका अटीने बांधलेली होती, ती अशी की भूमिकेतून सैन्याची नाचक्की होता कामा नये. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अटच रद्द केली. सैन्याची स्तुती करणाऱ्या नटाला गणवेश चालतो आणि टीका करणाऱ्याला तुरुंग, हे न्यायालयाला मंजूर नव्हते. पुढे २०१२ मध्ये झेवियर अल्वारेझच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की आपल्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याची धडधडीत थाप मारणे हासुद्धा केवळ तेवढ्यावरून गुन्हा होत नाही. त्यावर २०१३ मध्ये नवा कायदा झाला, पण तो पैसा किंवा फायदा उकळण्यासाठी मारलेल्या थापेपुरताच. ज्या देशात थापाड्यालाही इतके संरक्षण आहे, तिथे वीस-पंचवीस वर्षे खरीखुरी नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला जिन्याशी फोटो काढला म्हणून कोण अडवणार? नियमपुस्तकातल्या त्या 'सुरुची' शब्दावर सगळा भार येऊन पडतो, आणि सुरुची कोणाची हे नियमपुस्तक सांगत नाही.

गणवेशाच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे, म्हणून तो नीट मांडला पाहिजे. ते आखूड जॅकेट मुळात जेवणासाठीच शिवलेले असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश घोडदळाचे अधिकारी तबेल्यात वापरायचे आखूड जॅकेट संध्याकाळी जेवतानाही अंगावर ठेवू लागले आणि पुढे त्यातूनच मेस जॅकेट घडले. त्याच्या घडणीत हिंदुस्थानचाही हात आहे. इथल्या उकाड्यात जाड वास्कीट सहन होईना, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी इथला कमरबंद उचलला आणि पोटाभोवती गुंडाळला. तोच आज जगभर डिनर जॅकेटखाली दिसतो. सुएझमार्गे मुंबईकडे येणाऱ्या जहाजांवर लाल समुद्रात हवा इतकी तापे की जॅकेट काढून नुसता सदरा, कमरबंद आणि बो-टाय घालून जेवायला बसायची सवलत रूढ झाली. 'रेड सी रिग' या नावाने ती अजूनही दूतावासांच्या मेजवान्यांत चालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्यानेही मेस जॅकेट स्वीकारले. थोडक्यात, आगबोटीवरचे संध्याकाळचे जेवण आणि हे जॅकेट एकाच काळाची, एकाच वर्गाची आणि बऱ्याच अंशी एकाच सागरी रस्त्याची पैदास आहेत. नागरी डिनर जॅकेट आणि सैनिकी मेस जॅकेट एका पायरीवर धरायची, हा संकेत अनेक सैन्यांच्या पोशाखनियमांत आहे. मग बाकीच्यांनी भाड्याचे टक्सिडो चढवायचे आणि या माणसाने मात्र कपाटातले स्वतःचे जॅकेट तिथेच ठेवायचे, असे का?

यात वर्गाचाही प्रश्न आहे. सैन्यात वर्षानुवर्षे राबलेल्या सार्जंटकडे किंवा नौदलातल्या चीफकडे उत्तम प्रतीचा असा एकच पोशाख असू शकतो, आणि तो म्हणजे गणवेश. त्याचे पैसे त्याने पगारातून मोजलेले असतात. अमेरिकेत वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन सुरू होते, त्यामुळे अनेक जण चाळिशीतच बाहेर पडतात आणि उरलेले अर्धे आयुष्य विमा कंपनीत, गोदामात, शाळेच्या सुरक्षा कक्षात काढतात. तिथे त्यांच्या आधीच्या आयुष्याची कोणाला कल्पना नसते. तीन दशकांपूर्वीचे जॅकेट अजून खांद्यांत बसते, बायको शेजारी उभी आहे, नातवंडे पाहताहेत, अशा एका रात्री ते घालावेसे वाटणे मला समजते. त्याला कोणी हास्यास्पद म्हटले तर मी त्या माणसाच्या बाजूने बोलेन.

तरीही त्याने तो गणवेश घालू नये असे मला वाटते. त्याचे कारण मेस म्हणजे काय, यात आहे.

ही मेस सदाशिव पेठेतली, डबा-पोळीची नव्हे. अधिकाऱ्यांच्या मेसमधली समारंभी रात्र फार बांधीव असते. एक अध्यक्ष असतो, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सर्वांत कनिष्ठांपैकी एक जण 'मिस्टर व्हाइस' म्हणून बसतो. राष्ट्रप्रमुखाच्या नावाने पेला उंचावण्याची वेळ ठरलेली असते. ब्रिटिश वळणाच्या मेसमध्ये पोर्टची सुरई डावीकडे पुढे जाते. जमलेल्या प्रत्येकाच्या अंगात तेच जॅकेट असते. कॉलरचा रंग, बाह्यांवरची पट्टी, पदकांचा क्रम एवढाच फरक, आणि तो वाचता येणारी माणसेच समोर बसलेली असतात. शेजारच्याला ठाऊक असते की हे पदक अमुक मोहिमेचे आणि ते नुसते सेवाकाळ भरल्याचे. अशा खोलीत गणवेशामुळे कोणी उठून दिसत नाही. जुन्या सैन्यांचे पोशाख भडक असत हे खरे आहे. लाल डगले, सोनेरी गोफ, पिसांच्या टोप्या हे सगळे होते, पण तो भडकपणा एक पलटण दुसरीपासून वेगळी दिसावी म्हणून होता, एक शिपाई दुसऱ्यापासून वेगळा दिसावा म्हणून नव्हे.

क्रूझच्या जिन्यावर हे सगळे उलटे होते. तीन हजार प्रवाशांत तो एकटा. त्याच्या बाहीवरचे पट्टे वाचू शकणारे चार-दोन असतील, बाकीच्यांना फक्त सोने दिसते. माणसांना सारखे करण्यासाठी शिवलेला कपडा त्या खोलीतला सर्वांत वैयक्तिक कपडा होऊन बसतो. त्या मानाने काळा टक्सिडो घातलेले तीनशे पुरुषच मला अधिक गणवेशात वाटतात.

जहाजावर गणवेश शोभतच नाही असे मात्र नाही. जुलै १९४३ मध्ये मूळ 'क्वीन मेरी' न्यूयॉर्कहून निघाली तेव्हा तिच्यावर १६,६८३ माणसे होती. शांततेच्या काळात ती दोन हजारांच्या आसपास प्रवासी नेई. तिचा रंग करडा केला होता, पोहण्याच्या तलावातले पाणी काढून तिथे झोपायचे बंक ठोकले होते आणि एकाच बंकावर पाळीपाळीने झोपणे चालले होते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात पी अँड ओ कंपनीची 'कॅनबेरा' ही आरामबोट ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतली. तिच्यावर हेलिकॉप्टर उतरायची सोय केली आणि २१ मे रोजी सान कार्लोसच्या खाडीत ती सैनिक उतरवायला उभी होती. त्याच महिन्यात 'क्वीन एलिझाबेथ २' वेल्श आणि स्कॉट्स गार्ड्स व गुरखा पलटण घेऊन दक्षिणेकडे गेली. गालिचे बुटांनी खराब होऊ नयेत म्हणून त्यांवर फळ्या अंथरल्या होत्या. ज्या डेकवर एरवी गाला रात्री रंगत, तिथे गुरखे कवायत करत होते. त्या जहाजांवर गणवेश कोणाच्या नजरेत भरायचे कारण नव्हते, नागरी कपड्यातला माणूसच उपरा वाटला असता.

दुसऱ्या महायुद्धात १ कोटी ६० लाखांहून अधिक अमेरिकन सैन्यात होते. घरटी कोणी ना कोणी गणवेशात असे, त्यामुळे त्याचे अप्रूप नव्हते. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली. आज सक्रिय सेवेत तेरा लाखांच्या आसपास माणसे आहेत आणि देशाची लोकसंख्या तेहतीस कोटींच्या वर. बहुसंख्य अमेरिकनांचा सैन्याशी संबंध उरला तो विमानतळावर, जिथे गणवेशातल्यांना आधी विमानात चढू देतात, आणि फुटबॉलच्या सामन्यात, जिथे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. युद्धे मात्र थांबली नाहीत. स्वतः न लढणाऱ्यांच्या मनात लढणाऱ्यांविषयी जी चुटपुट साठते, ती आभार मानून हलकी करायची रीत तिथे पडली आहे. गणवेश दिसला की हात पुढे होतो. जिन्याशी उभ्या असलेल्या आमच्या निवृत्त चीफची इच्छा असो वा नसो, त्याचे जॅकेट समोरच्या प्रत्येकाकडून हा हात मागते. आणि समोरच्याने तर फक्त सुटीचे तिकीट काढलेले असते.

समोरचा कोण आहे, हेही पाहायला हवे. तो अमेरिकन असेलच असे नाही. बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, सेंट लुशिया या बेटांवर नागरिकांनी सैनिकी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. पर्यटकांनाही सूट नाही आणि लहान मुलाच्या टोपीलाही नाही. म्हणून क्रूझ कंपन्या बंदरात उतरण्याआधी प्रवाशांना तशी सूचना देतात. त्या छोट्या देशांत बंदूकधाऱ्याचा कपडा कोणी घातला आहे हा जिवाचा प्रश्न ठरू शकतो. ग्रेनाडावर तर २५ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकी फौजा उतरल्या. तिथले काही लोक त्याला सुटका म्हणतात, काही आक्रमण. त्याच बेटासमोर नांगर टाकलेल्या जहाजावर अमेरिकी गणवेश घालून लॉबस्टर खाणाऱ्या माणसाच्या मनात यातले काहीही नसेल, पण टेबलाजवळून जाणाऱ्या ग्रेनाडाच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मनात असू शकते. आपल्याकडेही २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर सैनिकी कपड्यांत आले होते. त्यानंतर लष्कराने नागरिकांना, दुकानदारांना अशा कपड्यांपासून दूर राहण्याचे आवाहन केले. पुढे २०२२ च्या सेनादिनाला नवा लढाऊ गणवेश आला तेव्हा त्याच्या नक्षीची मालकी लष्कराने कायद्याने नोंदवून घेतली. मेस जॅकेट आणि जंगलातला छापील शर्ट एक नव्हेत, हे मी जाणतो. पण दोन्हींमागे एकच संस्था उभी असते आणि पाहणाऱ्याला दोन्हींतून तीच दिसते.

आता जहाजावरच्या खऱ्या गणवेशवाल्यांकडे वळू, कारण या वादात त्यांचे नाव कोणी घेत नाही. क्रूझ जहाजावर हजाराच्या आसपास माणसे कामाला असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर गणवेश असतो. फिलिपिनो, इंडोनेशियन, कॅरिबियन आणि आपले गोवेकर. साष्टी-बार्देशातल्या कित्येक घरांत आजोबा पी अँड ओच्या बोटीवर स्टुअर्ड होते, बाप आखातात गेला आणि मुलगा कॅरिबियन जहाजावर वेटर आहे. 'तारवटी' म्हणून गोव्यात ही माणसे ओळखली जातात आणि त्यांच्या पगारावर गावागावांत घरे उभी राहिली आहेत. फॉर्मल नाइटला पांढरे जॅकेट आणि बो-टाय घालून टेबलाशी उभा असलेला तो गोवेकर आणि खुर्चीत बसलेला पांढऱ्या मेस जॅकेटातला निवृत्त अमेरिकन, लांबून पाहिले तर एकसारखे दिसतात. फरक एवढाच की एकाचा गणवेश त्याच्यावर काम लादतो आणि दुसऱ्याचा कोणतेही काम लादत नाही. भोंगा वाजला तर त्या वेटरला ठरलेल्या जागी पोहोचून प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे चढवायची असतात, बोटीत बसवायचे असते. त्याचे प्रशिक्षण झालेले असते, कवायती ठराविक काळाने होत राहतात.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून आडवी झाली. ३२ माणसे गेली. कप्तान स्केत्तिनो प्रवासी जहाजावर असताना स्वतः खाली उतरला आणि तटरक्षक दलाचा अधिकारी फोनवरून त्याला परत वर जा म्हणून खडसावत राहिला, हे साऱ्या जगाने ऐकले. पुढे त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली. खांद्यावर चार पट्टे असलेल्या माणसाकडून लोक काय धरून चालतात, हे त्या रात्री उघड दिसले. अंधारात, कललेल्या जिन्यावर घाबरलेला प्रवासी चेहऱ्याकडे पाहत नाही, सोनेरी पट्टे दिसतील त्याच्याकडे धावतो. आमचा निवृत्त चीफ कदाचित त्या प्रसंगी कप्तानापेक्षा धीराने वागेल. पण त्या जहाजाच्या बोटी कुठे आहेत, कोणता दरवाजा कुठे उघडतो, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची जबाबदारीही त्याच्यावर नसते. तेवढ्या संध्याकाळपुरते तो अंगावर एक आश्वासन वागवतो, जे पाळायची व्यवस्था त्याच्याकडे नाही. ही शक्यता दूरची आहे हे मान्य. मला ती महत्त्वाची वाटते, कारण गणवेशाचा पाहणाऱ्याशी असलेला व्यवहार तीतून स्वच्छ दिसतो.

यावर एक उत्तर तयार असते. कंपनीला चालते ना? खरे आहे, चालते. क्युनार्डच्या गाला संध्याकाळच्या संकेतांत डिनर जॅकेट आणि गडद सुटाच्या जोडीला राष्ट्रीय पोशाख आणि सैनिकी गणवेश यांनाही जागा आहे. राष्ट्रीय पोशाखाच्या वाटेने आपल्या पैठण्याही तिथे पोहोचल्या आहेत. सिंगापूरहून किंवा बार्सिलोनाहून सुटणाऱ्या जहाजावर मराठी मंडळी असली की फॉर्मल नाइटला जिन्याशी जरीचे काठ झळकतात आणि फोटोग्राफरची पंचाईत होते, कारण पदर कुठून घ्यायचा ते त्याला कळत नाही. पण पैठणी आणि गणवेश एका यादीत शेजारी बसले म्हणून एका जातीचे होत नाहीत. पैठणी नेसणारीच्या मालकीची असते. ती कशी नेसावी, कधी नेसावी, उद्या तिचा ड्रेस शिवावा की नाही, हे तिचे ती ठरवते. गणवेशाच्या एका बटणाचीही जागा घालणाऱ्याला हलवता येत नाही. आणि क्रूझ कंपनीला काय चालते याला फार किंमत देऊ नये. 'नॉर्वेजियन'ने २००० सालीच फॉर्मल रात्रींची सक्ती सोडली आणि इतर अनेक कंपन्या हळूहळू त्याच दिशेने सैलावल्या. या यादीत प्रतिष्ठेपेक्षा गिऱ्हाइकाची सोय अधिक आहे.

सजावट म्हणून वापरला की सैनिकी पोशाखाचे काय होते, हे आपल्याला वरातीतल्या ब्रास बँडने दाखवून दिले आहे. खांद्यावर झालर, छातीवर गोफ, डोक्यावर टोकदार टोपी, सगळा थाट गोऱ्या पलटणीचा, आणि त्यामागचा माणूस दिवसाच्या बोलीवर ट्रंपेट फुंकतो आहे. त्यात कोणाची फसवणूक नाही, पण त्या झालरीत आता काही अर्थही नाही. लंडनमध्ये १९६० च्या दशकात पोर्टोबेलो रस्त्यावरच्या एका दुकानाने व्हिक्टोरियन काळातल्या लष्करी जॅकेटांची फॅशन आणली. जिमी हेंड्रिक्सचे प्रसिद्ध हुसार जॅकेट तिथलेच. गंमत अशी की हेंड्रिक्स स्वतः अमेरिकी सैन्याच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये छत्रीधारी सैनिक होता, १९६२ मध्ये तिथून बाहेर पडला. गिटार घेऊन रंगमंचावर चढताना त्याने घातले ते दुसऱ्याच सैन्याचे आणि दुसऱ्याच शतकाचे जॅकेट. स्वतःचा गणवेश त्याने नाचगाण्यात आणला नाही. हे त्याने विचारपूर्वक केले असे मी म्हणणार नाही, पण मला ते बरोबर वाटते.

मग त्या निवृत्त माणसाने काय घालावे? उत्तर जुने आहे आणि सोपे आहे. साधे डिनर जॅकेट आणि त्यावर छोटी पदके. अमेरिकेतही संध्याकाळच्या नागरी पोशाखावर मिनिएचर पदके लावायला वाव आहे. ब्रिटनमध्ये तर निवृत्त अधिकाऱ्यांची ती नेहमीची रीत आहे, आणि तीही निमंत्रणावर तसे छापले असेल तरच. एप्रिल २०२१ मध्ये प्रिन्स फिलिप यांच्या अंत्ययात्रेत राजघराण्यातल्या कोणीही गणवेश घातला नाही. हॅरीकडे तोपर्यंत मानद लष्करी पदे राहिली नव्हती आणि अँड्र्यूचे स्थान वादात होते, त्यामुळे सरसकट सगळ्यांनीच काळा कोट घालावा असे ठरले. हॅरीने दोनदा अफगाणिस्तानात नोकरी केली होती आणि ती पदके त्याच्या कोटावर होती. ती काढून ठेवायला कोणी सांगितले नाही, कारण ती त्याची होती.

आपल्याकडे हा फरक न सांगता पाळला जातो. भारतात फील्ड मार्शल कधीच निवृत्त होत नाही. माणेकशा आणि करिअप्पा यांना अखेरपर्यंत गणवेश घालण्याचा अधिकार होता, आणि तो त्या हुद्द्याचा खास मान समजला जातो. बाकी जनरलपासून शिपायापर्यंत सगळे निवृत्तीनंतर साध्या कपड्यांत येतात. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या गावांत २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर माजी सैनिक येतात ते कोटावर किंवा पांढऱ्या शर्टावर पदके लावून, कोणी पलटणीची बेरे टोपी घालून. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. तिथून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी अनेक जण परतले नाहीत. तरीही अशा गावातही माजी सैनिकांना गणवेशाची गरज पडत नाही. पदक पाहून हवालदारसाहेबांना खुर्ची पुढे केली जाते. ब्रिटिश वळणाच्या देशांत मृत सैनिकाचा मुलगा किंवा नात ती पदके उजव्या छातीवर लावू शकते. गणवेश असा वारसाने मिळत नाही.

एक प्रसंग मात्र मी बिनतक्रार सोडून देईन. अमेरिकी मरीन दलाचा स्थापनादिन १० नोव्हेंबर, साल १७७५. जगात जिथे असतील तिथे मरीन त्या दिवशी केक कापतात. पहिला तुकडा पाहुण्याला, दुसरा हजर असलेल्यांतल्या सर्वांत वयस्क मरीनला, आणि मग सर्वांत तरुणाला. जहाज नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात समुद्रात असेल, प्रवाशांत सात-आठ माजी मरीन निघाले असतील आणि त्यांनी वरच्या डेकवरचा एखादा छोटा लाउंज मागून घेतला असेल, तर त्यांनी आपले निळे गणवेश जरूर चढवावेत. तिथे ते एकमेकांचे पट्टे वाचू शकतात, ऐंशीचा म्हातारा पंचविशीच्या पोराला तुकडा देतो, आणि दारातून डोकावणाऱ्या प्रवाशाकडे कोणाचेही लक्ष नसते. त्यानंतर खाली जेवायला जाताना कपडे बदलायचे की नाही, हे त्यांच्यातल्या सर्वांत वयस्काने ठरवावे. मरीनमध्ये वय आणि हुद्दा यांचे ऐकतात, माझ्यासारख्या नागरिकाचे नाही.